स्पिनर काउलिंगला घासतोय, गॅप वाकडी झालीये? सँडपेपर उचलायच्या आधी हे क्रमाने बघा

प्रॉपच्या (विमानाच्या पंख्याच्या) मधोमध बसणारी टोकदार टोपी म्हणजे स्पिनर, इंजिनावरचं झाकण म्हणजे काउलिंग किंवा काउल, आणि दोघांमधली फट म्हणजे गॅप. घरी बांधलेल्या विमानांमधे ही दोन एकमेकांना घासायचा प्रॉब्लेम इतक्या वेळा येतो की आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मी स्वतःच्या आणि मित्रांच्या विमानांवर हे दुखणं बऱ्याचदा काढलंय आणि दर वेळी एकच गोष्ट दिसते, घासल्याची खूण दिसली की माणूस पहिल्यांदा काउल घासायला घेतो. तसं करू नका. ती गॅप म्हणजे तुमचं इंजिन नेमकं कुठे बसलंय हे सांगणारं फुकटचं मापयंत्र आहे, ते घासून टाकलंत की खरं कारण शोधायचा पुरावाच जातो आणि काही तासांच्या उड्डाणांनंतर तेच दुखणं परत येतं.

आधी लक्षणं, तुमचं यातलं कुठलं आहे ते ओळखा.

स्पिनरच्या मागच्या कडेवर नाहीतर बॅकप्लेटवर (स्पिनर ज्यावर बसतो ती मागची चकती) चकचकीत पट्टा, रंग उडालेला. काउलच्या नाकाच्या ओठावर घासल्याचा गुळगुळीत डाग, आत फायबरग्लासची पांढरी पावडर. इंजिन सुरू करताना किंवा बंद करताना क्षणभर खर्रर्र असा आवाज, मधे काहीच नाही. बाजूने बघितलं तर काउलचा वरचा भाग स्पिनरपेक्षा उंच दिसतो आणि खाली स्पिनर काउलच्या बाहेर डोकावतो, गॅप वर जास्त आणि खाली कमी. किंवा काउल नुसती टेकवून ठेवली की गॅप मस्त आणि सगळे फास्टनर लावले की एकीकडे सरकलेली. आणि शेवटचं, गार असताना ठीक, उड्डाणानंतर गरम असताना फट कमी.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट, आणि यात कुठलीही सूट नाही. या कामात प्रॉप हाताने फिरवावा लागतो. मॅग्नेटोची (स्पार्क प्लगसाठी स्वतःच वीज बनवणारं यंत्र) ग्राउंडिंग वायर तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंतच असतो आणि सिलिंडरमधे थोडं जरी पेट्रोल उरलं असेल तर इंजिन फटकन एक फेरा मारू शकतं. तेव्हा मास्टर बंद, किल्ली बाहेर, मिक्श्चरचा दांडा पूर्ण मागे म्हणजे इंधन बंद, चाकांना ठोकळे, आणि प्रत्येक सिलिंडरमधला एकेक स्पार्क प्लग काढून ठेवा. प्लग काढले की कॉम्प्रेशन जातं, प्रॉप एका बोटाने फिरतो, मापं पण नीट घेता येतात. तरीही पात्याच्या वाटेत उभं राहायचं नाही.

आता खुणा वाचायच्या, याला पैसे लागत नाहीत आणि अर्धं निदान इथेच होतं.

घासल्याची खूण स्पिनरवर पूर्ण गोल आहे पण काउलवर फक्त एकाच जागी, समजा खाली, तर स्पिनर सरळ फिरतोय आणि काउल किंवा इंजिन जागेवरून हललंय. उलट स्पिनरवर खूण एकाच तुकड्यात आहे पण काउलच्या ओठावर सगळीकडे, तर स्पिनर किंवा बॅकप्लेट डुलतेय. सायकलचं चाक आऊट झालं की रिमचा एकच भाग ब्रेकला लागतो ना, तसंच. या दोन्हींचा उपाय पूर्ण वेगळा आहे, म्हणून हे आधी ठरवा. खूण अस्पष्ट असेल तर ओठावर मार्करने शाईचा पातळ पट्टा मारा आणि प्लग तात्पुरते परत लावून इंजिन एकदा सुरू करून बंद करा, शाई कुठे पुसली ते दिसेल. मार्करच वापरा, पेन्सिल नको, कारण ग्राफाइटची रेघ ॲल्युमिनियमवर राहिली की तिथे गंज धरतो.

मग मापं. घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागांवर काउल आणि बॅकप्लेटमधली फट मोजा. फीलर गेज एवढे जाड नसतात, त्यामुळे ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग वापरा, ५, ५.५, ६ मिमी असे बिट घेऊन कुठला अलगद जातो ते बघायचं. मोजताना हब (प्रॉपचा मधला भाग) धरून प्रॉप मागे ढकलून ठेवा, कारण क्रँकशाफ्टला पुढे-मागे थोडी मोकळीक असते आणि आपल्याला सगळ्यात कमी असलेली फट हवीये. मग प्रॉप पाव फेरा फिरवून परत चारही जागा मोजा, असं चार वेळा. सोळा आकडे कागदावर लिहा. काउलच्या एकाच जागेवर प्रॉप फिरवला तरी आकडा तोच राहतो पण जागेजागेत फरक आहे, तर स्पिनर निर्दोष. एकाच जागेवर आकडा प्रॉपबरोबर बदलतोय तर डुलणं आहे. दोन्ही असेल तर दोन्ही आहे, असंही होतं. शिवाय वर आणि खाली काउल आणि स्पिनरच्या उंचीतला फरक, म्हणजे पायरी, किती मिमी आहे ते पट्टी ठेवून वेगळं लिहा. कागद फेकू नका, पुढे हाच कामाला येतो.

साधारण ६ मिमी म्हणजे पाव इंच गॅप बहुतेक लोक ठेवतात, ५ पर्यंत चालून जातं. कमी ठेवली तर दिसायला सुंदर, पण इंजिन रबरावर बसलेलं असतं आणि ते हलणारच. सगळ्यात जास्त थरथर चालू करताना आणि बंद करताना, अगदी कमी आरपीएमला असते. फुल पॉवरला प्रॉप उलट इंजिनाला पुढे ओढत असतो म्हणजे गॅप थोडी वाढतेच, त्यामुळे घासण्याच्या खुणा क्रूझमधे होत असतील असं डोक्यात असेल तर काढून टाका, त्या बहुतेक बंद करताना, खडबडीत टॅक्सीत किंवा लँडिंगच्या दणक्यात होतात. आणि घासणं किरकोळ समजू नका. १३ इंची स्पिनर २७०० आरपीएमला फिरत असेल तर त्याची कड सेकंदाला ४६ मीटरच्या वर, म्हणजे ताशी १६५ किमीहून जास्त वेगाने जात असते. त्या वेगाने फायबरग्लासला टेकलं की काही सेकंदात खाच पडते, आणि बॅकप्लेटवर पडलेला चरा ही पुढच्या भेगेची सुरुवात असते.

पहिली तपासणी, काउल नीट बसलीये का. हसू नका, बऱ्याच वेळा हेच निघतं. हिंज पिन शेवटपर्यंत गेलीये का, कॅमलॉक (थोडं फिरवून लावायचे फास्टनर) असतील तर सगळे खरंच लॉक झालेत का की एखादा नुसता फिरलाय, फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटच्या मधला पत्रा) कडेला काउल पूर्ण आत सरकलीये का. मागे २ मिमी बाहेर राहिली तर ती २ मिमी पुढे स्पिनरच्या गॅपमधून जाणार. लावायचा क्रम नेहमी एकच ठेवा, वेगवेगळ्या क्रमाने लावलं तर काउल प्रत्येक वेळी वेगळी ताणली जाते आणि मापांना अर्थ राहत नाही. पुढच्या टोकाच्या हिंजची डोळी (पिन जाते ती भोकं) बघा, तिथे थरथर सगळ्यात जास्त असते, डोळी झिजून लांबट झाली की खालची काउल स्वतःच्या वजनाने लोंबते. पिन घालून काउलचं नाक हाताने वर-खाली हलवा, खडखड ऐकू आली तर हिंजचा तो तुकडा बदला, काम स्वस्त आहे.

दुसरी, आतून कोण ढकलतंय. वरच्या काउलला बॅफलचे (थंड हवा सिलिंडरांवर वळवणारे पत्रे) सिलिकॉन सील टेकलेले असतात, ते जाड किंवा जास्त उंच कापलेले असतील तर काउल बंद केली की नाक वर उचललं जातं. बघायची सोपी पद्धत, सगळे सील मागे दुमडून टेपने धरा, काउल लावा, परत मोजा. आकडे बदलले तर गुन्हेगार सापडला, सील थोडे कापून घ्या पण इतकेही नको की हवा गळेल, नाहीतर सिलिंडर गरम होतील आणि नवीनच डोकेदुखी. उड्डाणात वरच्या काउलच्या आत हवेचा दाब असतो आणि तो काउल बाहेर फुगवतो, म्हणून जमिनीवर सगळं जेमतेम असेल तर हवेत तसं राहीलच असं नाही. खालच्या बाजूला एअरबॉक्स, एक्झॉस्ट, ऑइल कूलरचे पाइप काउलला टेकलेत का ते आत टॉर्च मारून बघा. चकाकणारी किंवा काळी खूण म्हणजे तिथे लागतंय. एक्झॉस्ट लागत असेल तर फट विसरा, आधी तेच सोडवा, कारण ते जळणार आहे.

तिसरी, स्पिनर. खुणा किंवा सोळा आकडे सांगत असतील की डुलतोय, तर एका स्टँडवर टोकदार तार घट्ट बांधून ती स्पिनरच्या मागच्या कडेपासून कागदभर अंतरावर आणा आणि प्रॉप हळूहळू फिरवा. मग तेच स्पिनरच्या टोकाशी करा. मागची कड सरळ आणि टोक डुलतंय तर डोम म्हणजे स्पिनरची टोपी बॅकप्लेटवर वाकडी बसलीये, भोकं चुकलीत किंवा पुढचा सपोर्ट ठीक नाही. कडच डुलतेय तर बॅकप्लेटमधे दोष आहे, किंवा बॅकप्लेट आणि फ्लँजच्या (क्रँकशाफ्टचं टोक, ज्याला प्रॉप बोल्टने बसतो) मधे रंगाचा थेंब, बर (धातूची उठलेली बारीक कड), कचरा अडकलाय. हे शेवटचं फार कॉमन आहे. फ्लँजजवळचा केसाएवढा कचरा बाहेरच्या कडेला कितीतरी पट मोठा होऊन दिसतो.

याच वेळी पात्यांचं ट्रॅकिंग पण बघून घ्या, जमिनीवर ठोकळा ठेवून एका पात्याचं टोक जिथून जातं तिथून दुसरं जातंय का. छोट्या विमानांना धातूच्या प्रॉपसाठी साधारण दीड मिमी आणि लाकडी प्रॉपसाठी ३ मिमी फरकाच्या आत असावं. लाकडी प्रॉप असेल तर बोल्टचा टॉर्क हा पहिला संशयित, लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि आकसतं, त्यामुळे ऋतू बदलला की टॉर्क परत तपासायचाच असतो. आकडा प्रॉपवाल्याच्या मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या कुणाच्या प्रॉपचा नको. आणि स्पिनरवर किंवा बॅकप्लेटवर स्क्रूच्या भोकापासून निघालेली भेग दिसली तर भेगेच्या टोकाला भोक मारून थांबवायचा प्रकार इथे करू नका, फिरणारा भाग आहे, तुटला तर पात्यात किंवा विंडशील्डमधे येतो. बदला.

चौथी तपासणी, आणि माझ्या मते जुन्या होत चाललेल्या विमानांत हेच मुख्य कारण, इंजिन खाली उतरलंय. सव्वाशे किलोच्या आसपासचं चार सिलिंडरचं इंजिन मागून चार रबरांवर टांगलेलं असतं. रबर दबतं, सुरुवातीच्या काळात जास्त, नंतर हळूहळू. इंजिन नाक खाली करून झुकतं, म्हणजे स्पिनर खाली तर येतोच पण बॅकप्लेट तिरकी होऊन तिची वरची कड पुढे आणि खालची कड मागे जाते. म्हणूनच गॅप वर वाढते, खाली कमी होते आणि घासणं खालून सुरू होतं. वर लिहिलेलं ते पायरीचं लक्षण दिसलं आणि स्पिनर सरळ फिरत असेल तर दुसरं फार शोधायला नको. जुना मापांचा कागद असेल तर शेजारी ठेवून बघा, किती मिमी उतरलंय ते लगेच कळतं.

रबरं बघताना ती फुगलीत का, भेगा पडल्यात का, ऑइल मुरलंय का ते बघा. साध्या रबराला ऑइलचा स्पर्श चालत नाही, मऊ पडून खचतं, त्यामुळे नुसतं रबर बदलून ऑइलची गळती तशीच ठेवली तर काही महिन्यांनी परत इथेच. अजून एक, डायनाफोकल माउंटमधे (इंजिन धरणारा नळ्यांचा सांगाडा, ज्यात रबरं तिरकी बसतात) रबराचे पुढचे-मागचे आणि वरचे-खालचे तुकडे बऱ्याचदा एकसारखे दिसतात पण कडकपणा वेगळा असतो, ते अदलाबदल झाले की नवीन रबरं असूनही इंजिन झुकतं. पार्ट नंबर ड्रॉइंगशी ताडून बघा.

रबरं चांगली आहेत आणि फक्त थोडं उतरलंय तर खालच्या दोन माउंटना वॉशर घालून इंजिनाचा खालचा भाग किंचित पुढे सरकवतात, त्याने नाक वर येतं. माउंटपासून स्पिनर लांब असल्यामुळे वॉशर जेवढा जाड त्याच्या काही पट स्पिनर वर उचलला जातो, म्हणजे पातळ वॉशरनेही बराच फरक पडतो. वॉशर नेमका कुठे आणि जास्तीत जास्त किती ते किटच्या किंवा माउंटच्या कागदांत असतं, तेच पाळा. एखाद-दोन पातळ वॉशरने भागत नसेल तर रबरं संपलीत असं समजा. हे काम एकट्याने करू नका. इंजिन होइस्टवर लिफ्टिंगच्या कडीतून टांगलेलं हवं, शेपटीला खाली आधार हवा, एका वेळी एकच बोल्ट सैल करायचा. नंतर टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, कॅसल नट असेल तर नवीन कॉटर पिन, वॉशर वाढल्यावर बोल्टची लांबी पुरतेय का हे पण. इंजिन हललं म्हणजे थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या केबल, फ्युएल आणि ऑइलच्या नळ्या, एक्झॉस्टचं अंतर सगळं परत तपासायचं. हे तुम्ही कधी केलं नसेल तर पहिल्यांदा लायसन्सवाल्या विमान मेकॅनिकबरोबर करा, माउंटचे बोल्ट हा शिकायचा प्रयोग नव्हे.

पाचवी, काउल स्वतः वाकलीये. हे सगळ्यात शेवटी कारण यात सगळ्यात जास्त मेहनत आणि घाण. गरम असतानाच गॅप कमी होत असेल तर बहुतेक इथेच उत्तर आहे, कारण इंजिन तापल्यावर फुगून पुढे जातं, मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे गॅप वाढायला हवी. कमी होतेय तर एकतर गरम रबर खचतंय किंवा काउल आकार सोडतेय. खोलीच्या तापमानाला क्युअर केलेलं बरंचसं इपॉक्सी ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि इंजिन बंद केल्यावर आतली हवा थांबते, तेव्हा काउल सगळ्यात जास्त तापते, वर गडद रंग आणि ऊन असेल तर बघायलाच नको. उड्डाणानंतर ऑइलचं झाकण उघडं ठेवा, आतून एक्झॉस्टजवळ उष्णतारोधक फॉइल लावा.

ओठ परत बांधायचा असेल तर स्पिनर काढून बॅकप्लेटच्याच व्यासाची प्लायवूडची चकती लावा, तिची जागा बॅकप्लेटच्या जागेशी तंतोतंत जुळवा. चकतीला पॅकिंग टेप गुंडाळा म्हणजे रेझिन चिकटणार नाही, चकती आणि काउलच्या मधे ६ मिमीचे ठोकळे हॉट ग्लूने चिकटवा, काउलचे सगळे फास्टनर नेहमीच्या क्रमाने लावा आणि मग घासा किंवा भरा. कडेला फ्लॉक्स (कापसाचे बारीक तंतू) घातलेलं रेझिन आणि वर ग्लासचा कपडा, नुसतं मायक्रोबलूनचं (काचेच्या बारीक पोकळ गोळ्यांचं) फिलर ओठावर टिकत नाही, तुकडे पडतात. घासताना मास्क हवाच, फायबरग्लासची धूळ फुप्फुसात जाते. काउल अजून लावलेलीच नसेल, म्हणजे नवीन बांधणी असेल, तर याच चकतीने सुरुवात करा आणि दोन गोष्टी सांभाळा. एक, नवीन रबरं उतरणार हे धरून स्पिनर काउलपेक्षा २-३ मिमी वर राहील असं बसवा, आज दिसायला थोडं खटकेल पण काही तासांनी जुळून येईल. दोन, बऱ्याच डिझाइनमधे इंजिन मुद्दाम एक-दोन अंश बाजूला किंवा खाली वळवलेलं असतं, त्यामुळे काउल फ्युजलाजच्या मध्यरेषेवर जुळवायला जाल तर डावी-उजवी गॅप कधीच सारखी येणार नाही, मागे फायरवॉल आणि पुढे स्पिनर असंच जुळवायचं.

आता कुठे थांबायचं ते. गॅप हळूहळू न बदलता एका दिवसात बदलली, विशेषतः जोरदार लँडिंगनंतर किंवा नोजव्हील खड्ड्यात आपटल्यावर, तर पुढचं उड्डाण रद्द आणि मेकॅनिकला बोलवा. माउंटच्या नळीला वेल्डजवळ भेग गेलेली असू शकते, ती रंगाखाली डोळ्यांना दिसेलच असं नाही, भेगेत शिरणारा रंगीत द्रव (डाय) टाकून तपासावी लागते. प्रॉप कशाला तरी लागला असेल, इंजिन बंद पडलं असो वा नसो, तर हे स्पिनरचं काम राहिलेलंच नाही, इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंगचं त्यावर स्वतंत्र ५३३ नंबरचं सर्व्हिस बुलेटिन आहे आणि इंजिन उघडून तपासणं त्यात येतं. बॅकप्लेट साफ करून, बदलूनही डुलणं जात नसेल तर क्रँकशाफ्टचा फ्लँज वाकलाय का हे डायल इंडिकेटरने बघावं लागेल, ते प्रॉप किंवा इंजिन शॉपचं काम. गॅपबरोबर नवीन थरथर सुरू झाली असेल तरी तेच. व्हेरिएबल पिचचा (पात्यांचा कोन बदलणारा) प्रॉप असेल तर हब, आणि त्याच्यावर जे काही बोल्टने बसवलंय, ते आपण उघडायचं नाही.

सगळं झाल्यावर सोळा मापं परत घ्या, तारीख आणि इंजिनाचे तास टाकून लॉगबुकात लिहा, ओठावर मार्करचा नवा पट्टा मारा. मोकळ्या जागेत, प्रॉपच्या रेषेत कुणी नाही हे बघून, गार असताना सुरू करा, गरम होऊ द्या, बंद करा. पट्टा शाबूत असेल तर उडा, आणि पहिल्या उड्डाणानंतर काउल काढून आतून परत एकदा टॉर्च मारा. रबरं नवीन घातली असतील तर साधारण १० आणि २५ तासांनी मापं परत घ्यायची, त्या काळात ती सगळ्यात जास्त उतरतात.